एकेरी भाषेची चौकशी

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, मार्च महिन्याची एकवीस तारीख, मंगळवार, सकाळचे साडेदहा. स्थळ, जव्हारच्या पलीकडे डोंगरात वसलेल्या उंबरशेत गावच्या आरोग्य केंद्राची औषधांची खोली. कपाटे भिंतीकडे सरकवून मधोमध एक टेबल मांडले होते. त्याच्या एका अंगाला चौकशी अधिकारी श्री. निळकंठ ओगले, उजवीकडे तालुक्याहून तपासणीस येणारे, तक्रारदार डॉक्टर शिरगोपीकर, आणि समोर जिच्यावर आरोप होता ती हंगामी स्त्री-परिचर शिनवारी दुमाडा. मी, लहानू वरठा, त्याच केंद्रातला कनिष्ठ लिपिक, तिचा बचाव-साहाय्यक म्हणून तिच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसलो होतो. दाराशी डॉक्टरांचे शिपाई शेलार फायलींचा गठ्ठा छातीशी धरून उभे होते.

"बाई, तुम्ही बसा," ओगले म्हणाले.

शिनवारीने माझ्याकडे पाहिले. मी बसलेलोच आहे असे पाहून ती निर्धास्त झाली आणि उभीच राहिली.

ओगल्यांनी चष्मा पुसून आरोप वाचण्यास आरंभ केला. "सदर कर्मचारी हिने दिनांक नऊ फेब्रुवारी रोजी प्रसूतिगृहाच्या तपासणीप्रसंगी माझ्याशी एकेरी भाषेत बोलून मला पायताण काढण्याचा हुकूम सोडला. त्याच क्षणी, माझ्याशेजारी उभ्या असलेल्या माझ्या वाहनचालकास मात्र तिने 'तुम्ही' असे संबोधले. यावरून आदरार्थी रूप तिला पूर्णपणे अवगत असून, माझा अवमान तिने हेतुपुरस्सर केला, हे उघड आहे." त्यांनी मान वर केली. "आरोप कळला का?"

"कळला," शिनवारी म्हणाली. "लय लांब आहा."

डॉक्टर शिरगोपीकरांनी सुस्कारा सोडला. ओगले हसले नाहीत; पण त्यांनी टाक उगाच दौतीत बुडवला, हे मी पाहिले.

त्या खोलीत कोणाचे काय पणाला लागले होते, हे येथे सांगणे अवश्य आहे. शिनवारी चार वर्षे त्या केंद्रात हंगामी होती. कायम करावयाच्या परिचरांची यादी तयार होती आणि तीत तिचे नाव दुसरे होते. आरोप शाबीत झाला असता ते नाव खोडले जाणार होते, आणि पावसाळा सरल्यावर तिला पुन्हा नवऱ्यामागून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जावे लागणार होते. खरे तर हंगामी माणसाला काढण्यास चौकशी लागतच नसे. एका ओळीचे पत्र पुरे असे. पण ते पत्र ज्यांच्या सहीने निघावयाचे, ते ओगले मोठे विक्षिप्त गृहस्थ होते. ऐकून घेतल्यावाचून सही करणे हा त्यांना अशुद्धलेखनाइतकाच मोठा दोष वाटे.

अशुद्धलेखनाचे वावडे मलाही होते. त्या केंद्रातले माझे दिवस आजही डोळ्यांपुढे येतात: फिनेलचा वास, स्टोव्हवर खळखळणारे अवजारांचे पातेले, मार्चमध्ये आवारभर पडणारा मोहाच्या फुलांचा सडा, आणि माझ्या टेबलावर रचलेली जुन्या मराठी गद्याची पुस्तके. जव्हारच्या वाचनालयातून मी ती आणीत असे आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांतली दीर्घ, तोललेली वाक्ये स्वतःशी मोठ्याने वाचीत असे. आलेल्या सरकारी पत्रातील ऱ्हस्वदीर्घ तांबड्या शाईने सुधारून ते परत पाठविण्यावरून माझी दोनदा कानउघाडणी झाली होती, आणि दोन्ही वेळा मी लेखी प्रतिवाद केला होता. वारली जमातीतला पोरगा वरिष्ठांना व्याकरण शिकवतो, हा तालुक्यात थट्टेचा विषय होता. मला त्या थट्टेचा अभिमान वाटे.

शिनवारीही वारलीच; माझ्या आईच्या पाड्यातली, वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी वडील. सारे केंद्र मला 'वरठा भाऊसाहेब' म्हणे. ही मात्र भरल्या व्हरांड्यात हाक मारी, "ए लहान्या, तुना डबा मांजरीनं सांडला रं!" मी तिला एकदा बाजूस घेऊन सांगितले होते की, कचेरीत मला भाऊसाहेब म्हणावे. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी हाक आली, "ए भाऊसाहेब, तू जेवलास का?"

चौकशीच्या आदल्या दुपारी मी तिला तयारी करून घेण्यासाठी मोहाखाली बसवले. माझा बेत पक्का होता. तिने नम्रपणे माफी मागावी, चौकशी अधिकाऱ्यांशी बोलताना 'तुम्ही' म्हणावे, आणि ती सुधारली आहे असे पाहून त्यांनी समज देऊन प्रकरण मिटवावे. माफीचा एक पानी मसुदा मी रात्रभर घासून तयार केला होता. 'अज्ञानवश माझ्या मुखातून निघालेल्या अनुचित शब्दांबद्दल' असा त्याचा प्रारंभ होता, आणि तो मला स्वतःला फार आवडला होता.

"म्हण," मी म्हणालो, "साहेब, तुम्ही मला क्षमा करा."

"साहेब, तुमी मना क्षमा कर."

"करा. 'तुम्ही' म्हटल्यावर 'करा'."

"करा." तिने व्हरांड्यातून जाणाऱ्या सिस्टरकडे बोट केले. "तीपण येल का उद्या?"

"तिचा काय संबंध? साहेबांना एकट्याला म्हणायचे आहे."

"एकट्याला तुमी?" ती खुदकन हसली. "तो काय दोन तोंडांचा आहा?"

"हसू नकोस. मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणतात. डॉक्टरांच्या चालकाला म्हणालीस ना? मग तुला येते. डॉक्टरांनाच का नाही म्हणालीस, तेवढे मला कळत नाही."

यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे सिस्टर शिकाऊ मुलीकडे पाहते. मग हातातल्या फडक्याची घडी घालीत म्हणाली, "माना पैला पोर भट्टीवर झाला. कुडाचं खोपटं. दारात मुकादम उभा व्हता, इडी पीत. जा म्हटला तं जाय ना."

"ते राहू दे आता. पुन्हा म्हण. 'तुम्ही मला'..."

"तुमी मना," ती म्हणाली, आणि या वेळी तिने माझ्याबरोबर मोहाच्या झाडाकडेही पाहिले.

असे आम्ही तासभर घोकले. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ तिला शेवटी जमला. मी समाधानाने घरी गेलो.

आता, त्या औषधांच्या खोलीत, ओगले तिला विचारीत होते, "बाई, डॉक्टरांना तुम्ही 'तू' म्हणालात?"

"म्हटला."

"आणि चालकाला 'तुम्ही'?"

"तुमी म्हटला. व्हय."

डॉक्टर शिरगोपीकर टेबलावर हात ठेवून पुढे वाकले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. देवीच्या साथीत ते पायी पाड्यापाड्यांवर फिरले होते, हे मला ठाऊक होते. "ओगलेसाहेब, हाच माझा मुद्दा आहे. ही माणसे एकेरी बोलतात हे मला ठाऊक नाही काय? दहा वर्षे ऐकतो आहे. मी कधी मनावर घेतले नाही. पण हिला आदर कळतो! माझ्या चालकाला देते, मला देत नाही. माझ्या माणसांपुढे माझी अशी शोभा व्हावी काय? चालकाचा लेखी जबाबही जोडला आहे."

"वाचला आहे." ओगले माझ्याकडे वळले. "बचाव-साहाय्यक, आपले म्हणणे?"

मी उठलो. मसुदा टेबलावर ठेवला, शाईची पेटी उघडून शेजारी सरकवली. "महोदय, माझी अशील आपला प्रमाद मान्य करून बिनशर्त क्षमायाचना करीत आहे. तीवर ती येथेच अंगठा उठवील."

ओगल्यांनी मसुदा सावकाश वाचला. "भाषा उत्तम आहे," ते म्हणाले. "पण वरठा, एक लक्षात घ्या. अंगठा उठला की आरोप कबूल झाला. मग मला एकच निष्कर्ष लिहिता येईल. समज देऊन सोडणे हे माझ्या अधिकारात नाही. यादीतले नाव जाईल."

नियमावली मी वाचली होती. पण तीत मला हवे तेच वाचले होते.

शिनवारीला एवढेच कळले की तिची पाळी आली आहे. आदल्या दिवशी घोकवल्याप्रमाणे ती एक पाऊल पुढे झाली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "साहेब, तुमी मना क्षमा करा." असे म्हणताना तिची नजर ओगल्यांवरून निघाली, ती डॉक्टरांवर जाऊन पोचली, आणि मगच शब्द तोंडाबाहेर पडला. दोघे नजरेत मावल्यावाचून तिला तो उच्चारता आला नाही.

ती नजर मी पाहिली आणि मला माझे वडील आठवले.

मी आठ वर्षांचा असताना आश्रमशाळेत गेलो. 'तू' म्हटले की गुरुजींची छडी हातावर पडे. दिवाळीपर्यंत माझी जीभ सुधारली. सुट्टीत घरी परतलो तेव्हा वडील वरईचे भारे उतरवीत होते. मी दारात उभा राहून शाळेत शिकल्याप्रमाणे म्हणालो, "बाबा, तुम्ही कधी आलात?" वडिलांनी भारा खाली ठेवला आणि मागे वळून वाटेकडे पाहिले. वाट रिकामी होती. "कोण आलाय रं माह्यासंगं?" त्यांनी विचारले. ही गोष्ट मी पुढे अनेकदा कचेरीत चहाच्या वेळी सांगितली होती, आणि लोक पोट धरून हसले होते. सर्वांत मोठ्याने मी.

आमच्या बोलीत एकट्या माणसाला कोणी 'तुमी' म्हणत नाही. राजाला नाही, देवाला नाही, आणि वाहनचालकालाही नाही.

"महोदय," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "अंगठा थांबवावा. एकट्याला 'तुमी' हे आमच्या बोलीत नाहीच. मला माझ्या अशिलास एक प्रश्न विचारण्याची परवानगी असावी. तिच्या बोलीत."

"विचारा."

आश्रमशाळेत गेल्यापासून वीस वर्षे जी भाषा मी शाळा-कचेरीच्या उंबऱ्याआत आणली नव्हती, ती मी चाचपडत तोंडात घेतली. "शिनवारी, तू तवा 'तुमी' म्हटलास, तं दारात किती माणसा व्हती?"

"तीन," ती चटकन म्हणाली. "ह्यो डॉक्टर. ना ते दोन." आमच्या बोलीत 'ना' म्हणजे 'आणि', हे मी ओगल्यांना सांगितले.

"कोण दोन?"

"गाडीवाला. ना मागं तो टोपीवाला." आणि तिने सरळ दाराकडे बोट केले.

सर्वांच्या माना वळल्या. फायलींचा गठ्ठा छातीशी धरलेले, पांढऱ्या टोपीतले शेलार शिपाई भिंतीला अधिकच चिकटले.

डॉक्टरांनी खुर्चीतून मागे वळून विचारले, "अरे, तू होतास तिथे?"

"होय साहेब," शेलार म्हणाले. "आपल्या पाठीशी होतो. तपासणीचं रजिस्टर माझ्याकडं होतं ना. आपण आत शिरलात तसा मीही शिरलो."

"मला बोलला का नाहीस?"

"आपण विचारलं नाही, साहेब."

ओगल्यांनी टाक खाली ठेवला. "वरठा, तिने त्या दिवशी नेमके कोणते शब्द उच्चारले, ते तिच्याकडून वदवा. जसेच्या तसे."

शिनवारीला भाषांतराची गरज पडली नाही. ती आता ओगल्यांकडेच वळली, आणि घोकलेले सारे विसरून बोलू लागली. "तू आयक साहेब. बाई अडलेली. डोकं दिसाय लागलेलं. सिस्टर सुई आणाय गेलेली. मी वर बघला तं दारात तीन बापे, धुळीचं जोडं घालून. त्यातला ह्यो डॉक्टर, ह्याला मी वळखते. ह्याला म्हटला, तू थांब, पायताण काढ ना ये. ना त्या दोघांना म्हटला, तुमी भायेर जा."

ओगल्यांनी आरोपपत्र पुन्हा उघडून त्यातली ती ओळ बोटाने शोधली. बाहेर स्टोव्हवरचे पातेले उकळत होते.

"म्हणजे," ओगले हळू म्हणाले, "डॉक्टर, तिने आपल्याला बाहेर घालवले नव्हते. आत बोलावले होते."

डॉक्टर शिरगोपीकरांचा चेहरा उतरला. "मला वाटले, चालकाला ती आदराने..."

"आदर नव्हे. अनेकवचन."

"असेल. कबूल करतो," डॉक्टर म्हणाले. मग मान ताठ करून, "तरी 'तू' उरतोच, ओगलेसाहेब! मी तिचा वरिष्ठ आहे. वाहनचालकाचा मुद्दा सोडला तरी वरिष्ठाला एकेरी हाक मारावी काय? मग शिस्त म्हणून काही राहील का?"

ओगले शेलारांकडे वळले. "शेलार, तुमचे वय?"

"त्रेपन्न, साहेब."

"आणि डॉक्टरांचे?"

"चाळीस असावं. मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी थोरला."

"डॉक्टर, आपण आत्ताच शेलारांना 'तू' म्हणालात. त्यांचा अवमान करण्याचा आपला हेतू होता?"

"छे! भलतेच." डॉक्टर गोंधळले. "तोंडातली सवय ती. इतकी वर्षे..."

मला त्या वेळी बोलण्याची अनिवार ऊर्मी आली. द्वितीयपुरुषी एकवचन आणि आदर यांचा संबंध रूढीने जडलेला आहे, व्याकरणाने नव्हे, यावर माझ्यापाशी चार मुद्दे तयार होते. मी तोंड उघडलेही. ओगल्यांनी माझ्याकडे न पाहताच हात वर केला. "वरठा, आता बसा. तुमचे काम तिने केले." मग त्यांनी माझा माफीचा मसुदा नीट दोन घड्या घालून मला परत दिला, कागद पुढे ओढला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले: "चालक व शिपाई अशा दोघांस उद्देशून 'तुम्ही' हे संबोधन झाले असल्याने हेतूचा पुरावा उरत नाही. 'तू' हे कर्मचाऱ्याच्या मातृभाषेत एका व्यक्तीसाठी असलेले एकमेव संबोधन आहे. आरोप शाबीत होत नाही. नाव यादीत कायम ठेवावे."

डॉक्टर उठले. दाराशी जाऊन ते शिनवारीपुढे क्षणभर थांबले. काहीतरी बोलावे असे त्यांच्या मनात असावे. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "त्या बाईचे काय झाले? मूल?"

"पोरगी झाली," शिनवारी म्हणाली. "तू आला असतास तं बघला असतास."

जुलैत कायमचा हुकूम आला. शिनवारीने पुढे बावीस वर्षे त्या प्रसूतिगृहाचे दार राखले. उंबरशेतच्या पंचक्रोशीत आज चाळिशीला टेकलेली कितीतरी माणसे आहेत, जी प्रथम तिच्या हातांवर रडली. मी बदलीवर बदली घेत अधीक्षक होऊन निवृत्त झालो. जुन्या गद्यावरचे माझे प्रेम उणावले नाही. ही कथाही त्याच भाषेत लिहितो आहे, कारण मला दुसरी कोणती तितकी येत नाही. चहाच्या वेळी वडिलांची ती गोष्ट मात्र मी त्या दिवसानंतर सांगितली नाही. डॉक्टर शिरगोपीकर पुन्हा दोनदा तपासणीस आले. दोन्ही वेळा जोडे व्हरांड्यात काढून एकटेच आत गेले, आणि शेलार बाहेर बाकावर बसून राहिले.

पण मला राहून राहून आठवते ती त्या मंगळवारची दुपार. जीप गेली होती. आवारात उन्हाने मोहाची फुले सुकू लागली होती, आणि त्यांचा तो गोड, थोडा आंबूस वास सगळीकडे भरला होता. शिनवारी पातेल्यातून चिमट्याने एकेक अवजार काढून फडक्यावर मांडीत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. घडी घातलेला मसुदा माझ्या खिशात होता.

"दोघे होते हे मला काल का नाही सांगितलेस?" मी विचारले.

"तू इचारलास?"

"मी तुझी तयारी करून घेत होतो."

"शिकवत व्हतास," ती म्हणाली. "गुरुजी जसा शिकवतो तसा. मना वाटला, ह्याला ठाव असल. आपल्यातलाच तं आहा." तिने कात्री उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पाण्यात सोडली. "एकट्याला तुमी कोण म्हणतो रं? तुनी आयशी म्हणती? तुना बापूस म्हणत व्हता?"

"नाही."

"मंग?"

मी काही तरी उत्तर जुळवू लागलो. शासकीय कार्यपद्धती, नियमावलीतील संदिग्धता, वेळेचा अभाव. मुद्दे एकामागून एक जिभेवर येत गेले आणि एकही पुढे सरेना. ती चिमटा हातात धरून, माझे संपण्याची वाट पाहत उभी होती. अखेर मी सगळे सोडून दिले.

"माझे चुकले का, शिनवारी?"

तिने वेळ घेतला नाही, आणि आवाजही चढवला नाही.

"चुकलास तू," ती म्हणाली.